बाहुले वर पाठवायचे, की लेकरू?

मुंबई-अहमदाबाद महामार्गावरचा चारोटी नाका मागे टाकला की थोड्याच अंतरावर विवळवेढे लागते. डहाणू तालुक्यातले हे गाव महालक्ष्मीच्या जत्रेमुळे सर्वदूर माहीत आहे. चैत्र पौर्णिमेला सुरू होणारी ही जत्रा पंधरा दिवस चालते. पौर्णिमेच्या मध्यरात्री वाघाडी गावच्या सातवी घराण्यातला आदिवासी पुजारी ध्वज घेऊन मुसळ्या डोंगराच्या शिखराकडे निघतो. जिथे दिवसाउजेडीही माणूस चढायला कचरतो, तिथे तो रात्रीच्या अंधारात जाऊन ध्वज लावतो. ध्वजाचा मान जव्हारच्या मुकणे घराण्याचा. चढण्याचे काम मात्र आदिवासीच्या पायांचे. ही गोष्ट आम्ही सुरुवातीलाच सांगत आहोत, कारण आजचा विषयही तोच आहे. उंचावर काय न्यायचे, ते कोणी न्यायचे आणि मान कोणी घ्यायचा?

या वेळच्या जत्रेत सुकी मासळी, मसाले, भांडीकुंडी यांच्या दुकानांच्या गर्दीत आम्हाला चळवळीतील काही तरुण भेटले. डहाणू, कासा, तलासरी भागातले. कोणी बँकेत, कोणी कारखान्यात, कोणी स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासात. चहाच्या टपरीवर बसल्यावर एकाने पिशवीतून एक खेळणे काढून आमच्या पुढ्यात ठेवले. कापडी निळा हत्ती. वीतभर उंचीचा. त्याच्या बहिणीने शिलाई मशीनवर शिवलेला, आत कापूस भरलेला, सोंडेत एक इवलेसे पुस्तक.

‘‘सर, हा आपला हत्ती येत्या १४ एप्रिलला अंतराळात पाठवायचा. फुगा, कॅमेरा, सगळी माहिती काढली आहे. त्यांनी हंस पाठवला, आपण हत्ती पाठवू. वर्गणी सुरू केली आहे. तुम्ही पेपरात लिहा.’’

पेपरात लिहितो, असे आम्ही कबूल केले. तो शब्द आज पाळत आहोत. मात्र त्यांना अपेक्षित होते तसेच लिहिले जाईल, असे नाही.

प्रथम हंसाविषयी. २५ जून २०२५ रोजी ‘अ‍ॅक्सिऑम-४’ मोहिमेतून ग्रुप कॅप्टन शुभांशु शुक्ला अंतराळात गेले. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात पाऊल ठेवणारे ते पहिले भारतीय. एका भारतीयाच्या या जागेसाठी देशाने ५०० कोटींहून अधिक रुपये मोजले. त्यांच्या यानात ‘जॉय’ नावाचे हंसाच्या पिल्लाचे एक मऊ खेळणे होते. हे खेळणे केवळ हौसेचे नसते. यान कक्षेत पोहोचून इंजिन बंद झाले की दोरीला बांधलेले खेळणे तरंगू लागते आणि आपण भारहीन अवस्थेत आलो हे प्रवाशांना नजरेने कळते. ही पद्धत जुनी आहे. २०२२ मध्ये अमेरिकेच्या ‘आर्टेमिस-१’ यानात स्नूपी हा चित्रकथेतला कुत्रा होता. त्याआधी २००८ मध्ये ‘डिस्कव्हरी’ यानातून बझ लाइटइयर हे सिनेमातले खेळणे स्थानकावर गेले आणि वर्षभराहून अधिक काळ तिथे राहून परत आले. गुरू ग्रहाकडे निघालेल्या ‘जुनो’ यानात तर लेगोच्या तीन बाहुल्या आहेत आणि त्यातली एक गॅलिलिओची आहे. ज्याला धर्मसत्तेने गुडघे टेकायला लावले, त्याची बाहुली आज गुरूभोवती फिरते आहे. अशा प्रतीकाला आमचा विरोध असण्याचे कारण नाही.

हंसाची निवड का केली, हेही शुक्ला यांनी सांगितले. भारतीय संस्कृतीत हंस हे विवेकाचे, ज्ञानाचे प्रतीक आहे. त्यांच्या सोबतच्या पोलंड आणि हंगेरीच्या अंतराळवीरांच्या देशांतही हंसाला मान आहे. शुक्ला यांच्या धैर्याविषयी आणि कष्टाविषयी आम्हाला आदरच आहे. प्रश्न त्यांचा नाही. ‘भारतीय संस्कृती’ हा शब्द उच्चारला की जे चित्र आपोआप पुढे येते, त्याचा हा प्रश्न आहे. हंस म्हटले की सरस्वतीचे वाहन. विद्या म्हटली की सरस्वती. या देशातील बहुसंख्य माणसांना ज्या विद्येपासून हजारो वर्षे दूर ठेवले गेले, तिच्या देवतेचे वाहन सगळ्या देशाच्या वतीने वर जाते आणि त्यात कोणाला काही खटकत नाही. १८४८ मध्ये पुण्याच्या भिडेवाड्यात ज्या जोतीराव-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली, त्यांच्या अंगावर चिखल आणि शेण फेकणाऱ्यांच्या घरातही सरस्वतीची पूजा होतच होती, याची आठवण मग कोणी करून द्यायची?

याहून ठळक उदाहरण २०२१ मधले. त्या वर्षी २८ फेब्रुवारीला श्रीहरिकोट्याहून ‘पीएसएलव्ही-सी५१’ हे रॉकेट गेले. त्यात चेन्नईच्या ‘स्पेस किड्झ इंडिया’ या संस्थेचा, सतीश धवन यांच्या नावाचा एक लहान उपग्रह होता. त्यावर पंतप्रधानांचे छायाचित्र कोरले होते आणि त्यासोबत भगवद्गीतेची प्रत पाठवण्यात आली होती. पंचवीस हजार लोकांची नावेही गेली. सतीश धवन यांच्यासारख्या शास्त्रज्ञाचे नाव, त्यावर सत्ताधाऱ्याचा फोटो आणि आत गीता! ज्या ग्रंथात चातुर्वर्ण्य ईश्वरनिर्मित ठरवले आहे, तो पृथ्वीचा निरोप म्हणून कक्षेत फिरावा? या देशाचा निरोपच पाठवायचा होता, तर संविधान नव्हते का? न्याय, स्वातंत्र्य, समता, बंधुता या चार शब्दांना किती वजन लागले असते? याच संस्थेने पुढे सरकारी शाळांतील ७५० मुलींच्या हातून ‘आझादीसॅट’ घडवला. पहिला उपग्रह ऑगस्ट २०२२ मध्ये कक्षेत टिकला नाही. दुसरा फेब्रुवारी २०२३ मध्ये यशस्वी झाला. हे काम चांगलेच होते आणि चांगल्याला चांगले म्हटले पाहिजे. परंतु गीता पाठवली हेही विसरता येत नाही.

रॉकेट उडण्यापूर्वी त्याची छोटी प्रतिकृती तिरुपतीच्या देवापुढे ठेवण्याची प्रथा तर आता सवयीची झाली आहे. चांद्रयान-३ निघण्याच्या आदल्या दिवशी, १३ जुलै २०२३ रोजीही शास्त्रज्ञांचा चमू प्रतिकृती घेऊन तिरुमलाला गेला होता. वैयक्तिक श्रद्धा प्रत्येकाची. पण वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवता आणि चिकित्सक बुद्धी वाढवणे हे संविधानाच्या अनुच्छेद ५१-क नुसार नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे. १९७६ च्या ४२व्या दुरुस्तीने ते आले. सर्वसामान्य नागरिकावर जे कर्तव्य आहे, त्यातून देशाच्या सर्वात मोठ्या विज्ञानसंस्थेला सूट कशी मिळते?

तेव्हा तरुणांचा संताप आम्हाला समजतो. ‘त्यांचा हंस, तर आमचा हत्ती’ हे त्या संतापातून आले आहे. हत्तीला आपल्या चळवळीत इतिहास आहे. बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे निवडणूक चिन्ह हत्तीच होते. पण मित्रांनो, हंस त्यांना देऊन टाकायची घाई का? आपल्या आयाबायांनी आपल्याला लहानपणी सिद्धार्थ आणि देवदत्ताची गोष्ट सांगितली आहे. देवदत्ताच्या बाणाने घायाळ झालेला पक्षी सिद्धार्थाने उचलला, बाण काढला, जखम बांधली. पक्षी कोणाचा, यावर वाद झाला आणि मारणाऱ्यापेक्षा वाचवणाऱ्याचा हक्क मोठा, असा न्याय झाला. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथातही ती गोष्ट दिली आहे. लोककथेत तो पक्षी हंस असतो. हंस आपलाही आहे. तो सरस्वतीच्या मखराखालचा नसून सिद्धार्थाच्या मांडीवरचा आहे. विद्येच्या बाबतीतही हाच न्याय लावा. विद्या कोणाची? तिला कोंडून घालणाऱ्याची, की तिला मोकळी करणाऱ्याची?

ताऱ्यांचा अभ्यास करणारे मेघनाद साहा यांचे उदाहरण आमच्या किती वाचकांच्या मुलांना माहीत आहे? १८९३ मध्ये ढाक्याजवळच्या खेड्यात, एका किरकोळ दुकानदाराच्या घरी, शूद्र गणल्या गेलेल्या जातीत त्यांचा जन्म झाला. कलकत्त्याच्या ईडन हिंदू वसतिगृहात सवर्ण मुले त्यांना आपल्या पंगतीला बसू देत नसत. सरस्वतीपूजेच्या वेळीही त्यांना दूर ठेवले गेले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. विद्येच्या देवीला फूल वाहायचीही ज्याला बंदी, त्याच माणसाने १९२० मध्ये ताऱ्यांच्या प्रकाशाचा अर्थ लावणारे समीकरण मांडले. तारा किती तप्त आहे आणि त्यात कोणती द्रव्ये कोणत्या अवस्थेत आहेत, हे कळण्याची किल्ली त्यांनी जगाला दिली. ते समीकरण आजही जगभर ‘साहा समीकरण’ म्हणूनच शिकवले जाते. देवीने त्यांना जवळ केले नाही, गणिताने केले. पुढे १९५२ च्या पहिल्या लोकसभेतही ते निवडून गेले.

आणखी एक आवाज आहे. सप्टेंबर १९७७ मध्ये निघालेले ‘व्हॉयेजर-१’ हे यान आज पृथ्वीपासून दोन हजार चारशे कोटी किलोमीटरहून अधिक दूर गेले आहे. माणसाने घडवलेली दुसरी कोणतीही वस्तू इतक्या दूर पोहोचलेली नाही. त्यात सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी आहे. तिच्यावर जगभरातल्या संगीताचे २७ तुकडे आहेत आणि ५५ भाषांतले अभिवादन आहे. त्यात आपली मराठीही आहे. भारतीय संगीताचा एकच तुकडा त्यात आहे आणि तो आवाज आहे सुरश्री केसरबाई केरकर यांचा. गोव्यातील केरी गावच्या, कलावंत समाजात जन्मलेल्या केसरबाई. ज्या समाजाच्या बायकांना देवळाच्या सेवेच्या नावाखाली बांधून ठेवले गेले, ज्यांच्या गळ्याची वाहवा करून ज्यांच्या पंगतीला बसायचे मात्र टाळले गेले, त्या समाजातील एका स्त्रीची भैरवी सूर्यमालेच्या वेशीबाहेर गेली आहे. व्हॉयेजर-१ निघाल्यावर अवघ्या अकरा दिवसांनी, १६ सप्टेंबर १९७७ रोजी केसरबाईंचे निधन झाले. भारतातून सर्वात दूर काय पोहोचले, असा प्रश्न कोणी विचारला, तर त्याचे उत्तर हे आहे. तिथे ना गीता आहे, ना कोणा सत्ताधाऱ्याचा फोटो.

ही तबकडी तयार करणाऱ्या समितीचे प्रमुख होते शास्त्रज्ञ-लेखक कार्ल सेगन. हे नाव आंबेडकरी वाचकाने ऐकलेले आहे. १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबाद केंद्रीय विद्यापीठाच्या वसतिगृहात रोहित वेमुलाने आयुष्य संपवले. कार्ल सेगन यांच्यासारखा विज्ञानलेखक व्हायचे होते, असे त्याने आपल्या शेवटच्या पत्रात लिहिले होते. त्याच पत्रात ताऱ्यांचा उल्लेख होता आणि सात महिन्यांच्या थकलेल्या फेलोशिपचाही होता. एक लाख पंचाहत्तर हजार रुपये. तारे आणि थकबाकी एकाच कागदावर! आमच्या मुलांचे आकाशाशी नाते काय आहे, हे आम्हाला यापेक्षा वेगळे सांगता येणार नाही. आमच्या मुलांना तारे दिसत नाहीत असे नाही. ताऱ्यांकडे पाहणाऱ्याच्या खोलीला कुलूप लागते आणि त्याची फेलोशिप अडते, ही आमची अडचण आहे.

आता तरंगणाऱ्या खेळण्याकडे पुन्हा वळू, कारण त्यात एक मोठा धडा आहे. हंस तरंगला, म्हणजे तिथे गुरुत्वाकर्षण नाही, असा आपला समज होतो. तो चुकीचा आहे. स्थानक पृथ्वीपासून सुमारे ४०० किलोमीटरवर फिरते आणि तिथेही पृथ्वीचे आकर्षण जमिनीवरच्या तुलनेत जवळपास ९० टक्के असते. मग वजन का जाणवत नाही? कारण यान, माणूस आणि खेळणे हे सगळे ताशी सुमारे २८ हजार किलोमीटर वेगाने पुढे जाताना एकाच वेळी पृथ्वीकडे पडतही असतात. सगळेच एकत्र पडत असल्याने कोणाचा भार कोणावर येत नाही. ओढ तशीच असते, फक्त ती जाणवत नाही.

आमच्या समाजातील जे वर गेले, त्यांचेही असेच होते. सोसायटीत फ्लॅट, गाडी, इंग्रजी शाळा, सोबत तसेच शिकलेले लोक. मग एक दिवस ते सांगतात, ‘‘आता जात कुठे राहिली आहे?’’ त्यांना खोटे बोलायचे नसते. त्यांच्या यानातला हंस खरोखरच तरंगत असतो. पण जातीची ओढ ९० टक्के शिल्लक आहे, हे पाड्यावर उभ्या असलेल्या माणसाला विचारले तर कळते. मुलीचे लग्न ठरवताना, भाड्याने घर शोधताना, नोकरीच्या मुलाखतीत आडनाव विचारले गेल्यावर ती वर गेलेल्यालाही एका क्षणात कळते. त्यासाठी दोरीला बांधलेले खेळणे लागत नाही.

या पाड्यांविषयीही बोलले पाहिजे, कारण प्रत्येक रॉकेटच्या खाली कोणाची तरी जमीन असते. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळच्या थुंबा येथून भारतातले पहिले रॉकेट उडाले, ते मच्छीमारांच्या गावातून. त्यांनी आपले चर्च आणि आपली घरे दिली. आज जिथून उपग्रह नेणारी रॉकेटे सुटतात, त्या श्रीहरिकोटा बेटावर यानादी आदिवासी राहत होते. तळ उभा राहिला आणि त्यांना बेट सोडावे लागले. हे आम्ही विज्ञानाच्या विरोधात लिहीत नाही. उपग्रहामुळे वादळाची सूचना मिळते आणि मच्छीमाराचा जीव वाचतो, हे आम्हाला माहीत आहे. पण प्रतीके निवडताना यानादीची एखादी टोपली वर न्यावी, असे कोणाच्या मनात आले का? जमीन त्यांची, हंस यांचा!

डहाणू-तलासरीला हे नवे नाही. १९४५ मध्ये याच भूमीत वारली आदिवासी वेठबिगारीविरुद्ध उठले. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे झालेल्या गोळीबारात जेठ्या गांगडसह पाच जण धारातीर्थी पडले. आज पुन्हा बुलेट ट्रेनचा मार्ग येथून जातो. ७६ हजार २२० कोटींच्या वाढवण बंदराचे भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाले आहे. सूर्या धरणाचे पाणी वसई-विरार आणि मीरा-भाईंदरकडे जाते. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी परिसराला भूकंपाचे धक्के बसू लागले, तेव्हा भिंतींना तडे गेलेल्या घरांतली माणसे थंडीत उघड्यावर झोपली. जमीन का हादरते, हे समजून घेण्याची सर्वात जास्त गरज ज्या मुलांना होती, त्यांच्या शाळेत साधा भूगोलाचा नकाशा धड नाही. याच भागातील एका शाळेत आम्ही काही काळापूर्वी गेलो होतो. विज्ञानाचे साहित्य कपाटात होते, कपाटाला कुलूप होते. ‘‘मुलं फोडतात,’’ असे उत्तर मिळाले. फोडल्याशिवाय कोणते मूल शिकले आहे?

आणि त्यांच्या हक्काचा पैसा कुठे जातो? मे २०२५ मध्ये राज्य सरकारने ‘लाडकी बहीण’ योजनेसाठी आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटी ७० लाख आणि सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी ३० लाख रुपये वळवले. खुद्द सामाजिक न्यायमंत्र्यांनी त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली. बहिणींना पैसे मिळावेत, जरूर मिळावेत. त्यात आमच्याही बहिणी आहेत. पण त्यासाठी आमच्याच लेकरांच्या वसतिगृहाच्या आणि शिष्यवृत्तीच्या खात्यात हात का घालायचा? ७४६ कोटी रुपये म्हणजे शुक्ला यांच्या अंतराळातल्या जागेहून मोठी रक्कम. ती एका फटक्यात वळली आणि आमच्या वस्त्यांत त्यावर किती सभा झाल्या? हत्तीसाठी वर्गणी काढणाऱ्या हातांनी या रकमेचा हिशोब मागणारे किती अर्ज लिहिले?

आता निळ्या हत्तीच्या योजनेविषयी स्पष्ट बोलतो. या तरुणांनी ज्या रबरी फुग्याचा विचार केला आहे, तसे फुगे हवामानाच्या निरीक्षणासाठी रोज सोडले जातात. हलका वायू भरलेला फुगा वर जाताना बाहेरचा दाब कमी होतो, फुगा फुगत जातो आणि सुमारे ३० किलोमीटरवर फुटतो. मग हवाई छत्रीने खोका खाली येतो. तिथून आकाश काळे दिसते, पृथ्वीचा गोलाकार दिसतो, फोटो उत्तम येतो. पण ते अंतराळ नाही. अंतराळाची सीमा सर्वसाधारणपणे १०० किलोमीटरवर मानली जाते. म्हणजे आपला हत्ती एक तृतीयांश वाटही चढणार नाही. बॅनरवर मात्र ‘अंतराळात झेपावला’ असे छापले जाईल. पुराणातल्या विमानांना हसणाऱ्यांनी स्वतः ३० किलोमीटरला १०० म्हणायचे का? खोटे आपल्या बाजूचे असले म्हणून खरे होत नाही. कालामांना तथागताने हेच सांगितले होते. परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, सांगणारा आपला गुरू आहे म्हणूनही मानू नका, पारखून घ्या.

शिवाय या आकाशातून विमानांची सतत ये-जा असते, त्यामुळे परवानग्या लागतील. वारा कोणत्या ऋतूत कुठे वाहतो, हे पाहावे लागेल. पावसाळ्यात उंचावरचा वारा पूर्वेकडून येतो, तेव्हा हत्ती सरळ अरबी समुद्रात. हिवाळ्यात तो पश्चिमेकडून येतो, तेव्हा जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात शोधत फिरा. ही चेष्टा नाही. हे सगळे शोधणे, मोजणे आणि लिहून काढणे हेच तर विज्ञान आहे. खेळणे हे निमित्त.

त्या दिवशी टपरीवर आमच्या शेजारी सातवीतली एक मुलगी बसली होती. तिची आई जत्रेत टोपल्या विकायला आली होती. ती बराच वेळ हत्तीकडे पाहत होती. मग तिने विचारले, ‘‘दादा, हा वर गेला की त्याला खाली कोण आणणार? आणि पडला तर कोणाच्या शेतात पडणार?’’

तरुण हसले. आम्हाला मात्र हसू आले नाही. सगळ्या चर्चेत वर कसे जायचे एवढेच बोलणे झाले होते. खाली काय होईल, हे त्या एकट्या मुलीने विचारले. कारण शेत कोणाचे, हा प्रश्न तिच्या घरात रोजचा आहे. साहांनी ताऱ्याला विचारला तो प्रश्न आणि हिने हत्तीविषयी विचारला तो प्रश्न, दोन्ही एकाच जातीचे आहेत. आणि ‘जात’ हा शब्द एवढ्याच अर्थाने आम्हाला मान्य आहे.

म्हणून या तरुणांना आमचे सांगणे असे. आपण बाबासाहेबांचे चाहते आहोत, की अनुयायी, हे आधी ठरवा. चाहता फोटो लावतो, मिरवणुकीत नाचतो, डीजेचा आवाज वाढवतो. सिनेनटाला चाहते असतात, क्रिकेटपटूला असतात. अनुयायी मागोमाग चालतो, आणि बाबासाहेबांची वाट ग्रंथालयातून जाते. कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनमध्ये उपाशीपोटी अठरा-अठरा तास वाचणाऱ्या माणसाची जयंती आपण कशी साजरी करतो, हे आपले आपल्याला ठाऊक आहे. त्या मानाने तुमची हत्तीची कल्पना कितीतरी चांगली आहे. तुम्ही निदान आकाशाकडे पाहिलेत. तेव्हा ती सोडू नका. पुढे ढकला.

येते वर्ष हत्तीचे नाही, त्या मुलीचे करा. जमलेल्या वर्गणीतून एक चांगली दुर्बीण घ्या आणि महिन्यातून एकदा, अमावास्येच्या आसपास, एकेका पाड्यावर न्या. शहरातल्या मुलांना न दिसणारे आकाश इथे अजून शिल्लक आहे. ही या मुलांची श्रीमंती आहे. त्यांना गुरूचे चंद्र दाखवा. गॅलिलिओने तेच पाहिले आणि पृथ्वी विश्वाच्या केंद्रस्थानी नाही हे त्याला पटत गेले. जो समाज स्वतःला उतरंडीच्या केंद्रस्थानी मानतो, त्याच्यासाठी यापेक्षा चांगले प्रवचन नाही. तुमच्यातला जो स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो, त्याने दर रविवारी आठ-दहा मुलांना गणित शिकवावे. जो बँकेत आहे, त्याने शिष्यवृत्तीचे अर्ज भरून द्यावेत आणि कोणाची रक्कम थकली आहे याची यादी करावी. माहितीच्या अधिकारात विचारा: आपल्या तालुक्याच्या वाट्याचा आदिवासी विकासाचा आणि सामाजिक न्यायाचा किती निधी आला, किती खर्च झाला, किती वळवला? ते कुलूपबंद कपाट उघडायला लावा.

मग ज्या दिवशी पाड्यावरची दहा मुले बसून फुग्यात किती वायू भरायचा, खोक्याचे वजन किती, छत्री केवढी, वारा कुठला आणि हत्ती कोणाच्या शेतात उतरणार, हे स्वतः कागदावर मांडतील, त्या दिवशी हत्ती सोडा. दोर त्या मुलीच्या हातात द्या. फुग्याखाली ‘३० किलोमीटर’ असे खरे लिहा. त्या दिवशी आम्हीही विवळवेढ्याला येऊ, वर्गणीही देऊ आणि पहिल्या पानावर बातमीही लावू.

मुसळ्या डोंगरावर ध्वज नेणारे पाय आदिवासीचे आहेत आणि मान दुसऱ्याचा आहे, असे आम्ही सुरुवातीला म्हटले. आकाशाच्या बाबतीत असे होऊ द्यायचे नसेल, तर बाहुले शिवणाऱ्या हातांना आणि प्रश्न विचारणाऱ्या तोंडाला आधी वर न्यावे लागेल. हत्ती काय, तो मागून येईलच.

जय भीम!